डाव्या हाताचे अक्षर

सोमवार, २२ जानेवारी १९६२. सकाळचे सव्वासात.

ओसरीत बसून पाटीवर डाव्या हाताने 'क'ची बाराखडी काढत होतो. तिसऱ्या खेपेस सगळी अक्षरे एका ओळीत आली, म्हणून पाटी पुसली आणि ही वही उघडली. रोज थोडे लिहिले म्हणजे हात वळेल, असे दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितले आहे. काय लिहावे ते त्याने सांगितले नाही, म्हणून जे घडते ते लिहीन.

११ डिसेंबरला शेगावच्या कापसाच्या जिनात माझा उजवा हात रेच्याच्या दातेरी चाकांत गेला. कोपराखाली थोडा राहिला आहे, बाकीचा अकोल्याच्या दवाखान्यात काढला. रेच्यात कापूस आणि सरकी वेगळी होते. कापूस ओला असला की तो रुळाला गुंडाळतो. तो ओढून काढणे आणि चाकांना तेल घालणे हे माझे काम होते. रोज पहाटे चाकांवरची लोखंडी झाकणे काढून बॉयलरमागे रचून ठेवणे हेही माझेच काम. झाकण असले तर कापूस ओढायला पट्टा थांबवावा लागतो. पट्टा थांबला की रेच्यांच्या सगळ्या रांगा थांबतात, आणि रांगा थांबल्या की जानराव मुकादम आईबहिणीवरून बोलतात. मला तसे बोलत नाहीत, कारण माझी बहीण सिंधूताई त्यांच्या घरी सून आहे. त्यांच्यामुळेच मला जिनात काम मिळाले. तपासणीचे साहेब आले तर फाटकावरचा माणूस दोनदा शिटी मारतो. मग झाकणे परत चढतात.

जिनाच्या मालकाने, म्हणजे सेठने, मामाजींच्या हाती वीस रुपये पाठवले होते. सिंधूताईप्रमाणे मीही जानरावांना मामाजी म्हणतो.

आई बाजाराला मेथी घेऊन गेली आहे. गड्डीची गाठ मला एका हाताने बांधता येत नाही. दातांनी करून पाहिली. आईने बघून न बघितल्यासारखे केले.

गुरुवार, २५ जानेवारी

आज फार चांगला दिवस. शेगावहून मामाजी आले होते. सोबत संत्री आणली.

"काय बे शाल्या, पोथी लिहून राह्यला काय?"

मी उठून उभा राहिलो. त्यांनी खांद्याला धरून खाली बसवले.

"हात गेला त गेला, बाप्पा. डोकं त जाग्यावर हाय ना? हजेरीवर बसाले एक पोट्टा पाह्यजे जिनात. सेठ म्हणे आपल्यातला कोणी असला त बरं. म्या तुह्यं नाव टाकलं."

आईने पदराने डोळे पुसले आणि चहात साखर जास्त घातली.

"पण सेठले अक्षर दाखवा लागन. डाव्या हातानं लिहिते म्हटलं त कोणाचा इश्वास बसन? पानभर लिहून दे."

"काय लिहू, मामाजी?"

"काई बी लिही." मग विचार करून म्हणाले, "असं कर, तुह्या हाताचंच लिही. कसं झालं, काय झालं. ते त तुले इचार करा नाई लागत."

कागद त्यांनी बरोबर आणला होता, चांगला जाड. मी सावकाश लिहिले. ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासले. ते शेजारी बसून संत्रे सोलत होते.

"झाकणाचं लिहिलं काय? ते बी लिही. सेठ लय बारीक माणूस हाय, सुटलेलं त्याले चालत नाई."

मी लिहिले, "त्या दिवशी पहाटे सहा वाजता चाकावरचे झाकण मी स्वतःच्या हाताने काढून ठेवले होते." पुढे "मुकादमसाहेबांच्या सांगण्यावरून" असे यायला हवे होते. पण त्यांना मुकादमसाहेब लिहावे की जानरावजी लिहावे ते कळेना, म्हणून चुलीपाशी जाऊन आईला विचारले. आई म्हणाली, "इवायाचं नाव कागदावर आणू नाई कधी. बरं दिसत नाई." इवाई म्हणजे व्याही, आणि आम्ही मुलीकडचे. मामाजींनी बाहेरून ऐकले आणि म्हणाले, "इहीनबाई बरोबर बोलल्या. मी कुठं लागतो त्यात?" म्हणून ते वाक्य तिथेच संपवले.

खाली सही केली, तारीख घातली. एकही खाडाखोड नाही. मामाजींनी पान उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "वा! छापल्यावानी." घडी घालून आतल्या खिशात ठेवले.

मी सातवीची परीक्षा दिली नाही, तरी शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो. ते आज कामाला आले.

रविवार, ४ फेब्रुवारी

आठ ग्रह एका राशीत आल्यामुळे आज जग बुडणार होते. आईने कडक उपास धरला. मारुतीच्या पारावर रात्रंदिवस भजन चालू आहे. संध्याकाळ झाली, अजून काही झालेले नाही.

दुपारी मनकर्णाबाई आल्या. त्या आमच्याच गावच्या, वरवटच्या, सुगीनंतर शेगावात बहिणीकडे राहून जिनात रेच्यावर कापूस टाकतात. माझा हात अडकला तेव्हा पट्टा पाडून रेचा थांबवायला धावल्या त्या याच. जिनात होम आहे म्हणून सुट्टी होती. त्यांनी होमाचा लाडू आईला दिला. उपास असल्यामुळे तो मी खाल्ला.

मी हजेरीच्या जागेविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं त मुकादमाचा भाचा बसते, पंधरा दिवस झाले." तो तात्पुरता असावा.

सेठने वीस रुपये दिल्याचे सांगितले तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वीस रुपये! अन तू खिशात टाकले? वा रे माह्या राजा! अबे, हाताचे पैसे भेटतात कायद्यानं. माह्या दिराचे दोन बोटं गेले होते जळगावच्या जिनात. खामगावचा वकील केला, सेठनं मुकाट मोजले."

"पण सेठ आपला हाय, इवाई आपले हायत," आई म्हणाली.

"हाव ना! आपला हाय म्हणूनच त हात त्याच्या घरी ठेवून आला तुहा पोरगा."

आता मध्यरात्र झाली, मी जागाच आहे. जग बुडाले नाही तर मला पुढची चाळीस वर्षे काय करायचे ते ठरवावे लागेल. शेतात निंदणाला कोणी बोलावणार नाही. शाळेजवळ पाट्या, वह्या, पेन्सिलींचे दुकान टाकता आले तर एका हाताने चालवता येईल. त्याला पैसे लागतात.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

खामगावला जाऊन आलो. जलंबला गाडी बदलावी लागते. आईने चांदीचे कडे मोडून पैसे दिले.

वामनराव वकील वयस्क आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांनी बाही वर करायला सांगून हात पाहिला, टेलर माप घेताना पाहतो तसा.

"उजवा गेला, हे नशीब समजा."

मला समजले नाही. त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. कोपराखाली उजवा हात गेला तर साठ टक्के, डावा गेला तर पन्नास. माझ्या पगाराने हिशेब करून म्हणाले, दीड हजाराच्या वर जाईल. फी पंच्याहत्तर, पन्नास आधी.

त्यांनी पगार, तारीख, दवाखाना, सगळे विचारले. मी सगळे सांगितले. झाकणाविषयी विचारले नाही. हजेरीच्या जागेसाठी अक्षर दिले आहे, तेही त्यांनी विचारले नाही, आणि त्याचा इथे संबंधही नव्हता.

परतीच्या गाडीत जलंबपर्यंत दहा टक्क्यांचा विचार करत होतो. माझ्या डाव्या हाताला आज सकाळपर्यंत कोणी कमी म्हटले नव्हते.

बुधवार, २१ फेब्रुवारी

निवडणुकीमुळे वकीलसाहेब जीपमधून फिरत आहेत. कारकून म्हणाला, अर्ज अकोल्याला नुकसानभरपाईच्या कमिशनरसाहेबांकडे दाखल झाला. माझे वय वीस, मला मत नाही.

शुक्रवार, २ मार्च

सिंधूताई दोन दिवसांसाठी आली होती, आज गेली. अंगाने फार उतरली आहे. सासरचे पाणी मानवत नसेल. मनगटावर काळे डाग होते, म्हणाली तवा लागला. दोन्ही मनगटांवर आहेत. ताई लहानपणापासून धांदरट. मी तिला म्हटले, चुलीपाशी सांभाळून राहावे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हाव, शाल्या."

जेवताना चार भाकरी खाल्ल्या. आईला म्हणाली, "माय, अजून आठ दिवस राहू काय?" आई म्हणाली, "सासऱ्यानं दोनच दिवसाचं सांगतलं, त्यायचा शबूद मोडू नाई." मी दावा केल्याचे तिला सांगितले. आईला वाटत होते ती रागावेल, तिच्या सासऱ्यांच्या सेठवर दावा आहे. ती फक्त एवढेच म्हणाली, "पैसे भेटले त इथं एक खोली वाढवजो."

खोली कशाला ते कळले नाही. दुकान आधी.

मंगळवार, २७ मार्च

वकीलसाहेबांनी पत्र पाठवून बोलावले. गेलो. त्यांनी माझ्यासमोर एक कागद टाकला. कोणीतरी टाइप केलेली नक्कल होती, पण पहिली ओळ वाचताच ओळखली.

"हे काय आहे?"

"माझे अक्षर, साहेब. म्हणजे नोकरीसाठी लिहिलेले."

ते हसले. मग हसायचे थांबले.

"एक चूक नाही यात. असा जबाब सेठच्या वकिलाला पैसे देऊनही कोणी लिहून दिला नसता. झाकण मी स्वतःच्या हाताने काढले! अहो, संरक्षणाचे झाकण कामगाराने जाणूनबुजून काढले तर कायद्याने एक पैसा मिळत नाही. तुम्ही मला सांगितले का नाही?"

"तुम्ही विचारले नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. नंतर शांतपणे म्हणाले की एक वाट आहे. मालकाच्या माणसाच्या हुकमानेच झाकणे रोज काढली जात असतील, तर दोष माझा धरता येत नाही. साक्षीदार आहे का? मी मनकर्णाबाईंचे नाव सांगितले. हुकूम कोणाचा होता? मी जानरावांचे नाव सांगितले.

"मग उभे राहून एवढेच सांगा. हे तुमचे कोणी लागतात का?"

मी नाते सांगितले. वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "विचार करून या."

मामाजींनी पान सेठला दिले असेल आणि सेठने वकिलाला. मामाजींना पुढचे ठाऊक नसावे, असे जलंबपर्यंत वाटत होते. शेगावला उतरलो तेव्हा संत्र्यांची आठवण झाली. एक एक फोड सोलून मला देत होते आणि विचारत होते, झाकणाचं लिहिलं काय.

शुक्रवार, १३ एप्रिल

मनकर्णाबाई साक्षीला तयार आहेत. "मी काय घाबरते त्या जानरावाले? पुढच्या वर्षी जिनात नाई घेणार, एवढंच ना? निंदाले जाईन."

आई मात्र जेवत नाही. "तू नाव घेशीन अन पोरगी परत येईन. मग काय दीड हजार रुपये तिच्या कपाळाले लावू?"

आज मामाजी स्वतः आले. दाव्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पाणी प्यायले, जनावरांच्या बाजाराचे बोलले. उठताना म्हणाले, "पोरीबाळी आपल्या घरी सुखात राहाव्या, इहीनबाई, एवढंच पाह्यजे आपल्याले. बाकी कोर्टकचेरी काय, चालतेच." आई म्हणाली, "हाव, भाऊ."

मी ओसरीतून उठलो नाही. उभा राहिलो नाही असे पहिल्यांदाच झाले. त्यांनी ते पाहिले.

सोमवार, ७ मे

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावातल्या सगळ्या लेकी आल्या, लिंबाला झोके बांधले आहेत. सिंधूताईला पाठवले नाही. आईने पुरणाची पोळी झाकून ठेवली होती, ती संध्याकाळी शेजारच्या पोरांना दिली.

आई म्हणते, हा इशारा आहे. मी नाव घेणार. असे आज ठरवले आहे. माझ्या ताटातली भाकर आई तोडून देते. किती वर्षे देईल?

सोमवार, १८ जून. अकोला, कचेरीच्या ओट्यावर. सकाळचे साडेदहा.

मनकर्णाबाई आणि मी पहाटेच्या गाडीने आलो. साडेअकराला पुकारा होईल. वकीलसाहेबांनी प्रश्न परत सांगितले आहेत. मी उत्तर पाठ केले आहे. "मुकादम जानराव यांच्या हुकमावरून." एवढेच.

आत्ता मामाजी आले, सोबत सिंधूताई आहे. तिला कशाला आणले असेल? पलीकडे कडुनिंबाखाली बसवले आहे. मला बघून तिने पदर पुढे ओढला. पण ताईची तब्येत आता बरी दिसते. अंग चांगले भरले आहे. म्हणजे मार्चमध्ये उगाच काळजी वाटली. एवढ्या उन्हात घाम मात्र फार येतो आहे तिला.

मामाजी माझ्याकडे बघून हसले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

मंगळवार, १९ जून

काल वही पुढे लिहिता आली नाही.

आत बोलावल्यावर सेठच्या वकिलांनी कागद दाखवला. हा तुमच्या हातचा? होय. कोणी जबरदस्ती केली? नाही. कमिशनरसाहेबांनी कागद हातात घेतला आणि विचारले, "हे डाव्या हाताने लिहिले तुम्ही?" मी होय म्हटले. ते म्हणाले, "अक्षर चांगले आहे." मला बरे वाटले. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी बरे वाटले.

मग त्यांनीच विचारले, अगदी सावकाश, मला समजावे म्हणून.

"झाकणे रोज काढत होता, असे तुमचे वकील म्हणतात. कोणाच्या हुकमाने?"

दार उघडे होते. दारातून कडुनिंब दिसत होता. ताई उठून उभी राहिली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. पदर मागे गेला होता, मान हलवत होती. मी समजलो, ती नको म्हणते आहे. मामाजी बसलेलेच होते.

मी म्हणालो, "कोणाच्या नाही, साहेब. माझे मीच."

वकीलसाहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. मनकर्णाबाईंना बोलावलेच नाही. अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "मले काऊन आणलं बे इतक्या दूर? बाकावर बसवाले?" त्या गाडीत माझ्याजवळ बसल्या नाहीत.

अकोल्याच्या फलाटावर गाडीला वेळ होता. मामाजी पान आणायला गेले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सोयरा असावा त असा." ते लांब गेल्यावर ताई जवळ आली. जवळून पाहिले तर तोंड तसेच होते, मार्चपेक्षा वाळलेले.

"काऊन नाव नाई घेतलं, शाल्या?"

"तूच मान हलवली ना. नको म्हणून."

"मी हाव म्हणत होती." ती हळू बोलत होती, पानाच्या टपरीकडे लक्ष ठेवून. "तू नाव घेतलं असतं त हे मले घरात घेणारच नव्हते. सांगूनच आणलं होतं, का भावानं तोंड उघडलं त तसीच मायकडं जाय. मले तेच पाह्यजे होतं, बापा. मी आपल्या पायानं आली त माय ठेवून घेत नाई. त्यायनं हाकललं असतं त ठेवा लागलं असतं."

तिने पदराखालून आतले काठ दाखवले. हिरव्या लुगड्याखाली दुसरे लुगडे होते, लग्नातले.

"दोन नेसून आली मी. गाठोडं घेऊ देत नव्हते."

मी तिचे मनगट धरायला गेलो तर उजवा हातच पुढे गेला, जो नाही तो. तिने कमरेची गाठ सोडून पाच रुपयांची नोट माझ्या खिशात घातली.

"वरवटच्या तिकिटाले जपून ठेवले होते. ठेव तू. आता माह्यापाशी सापडले त अजून इचारतीन."

मामाजी दोन पाने घेऊन आले. एक त्यांनी मला दिले. मी ते घेतले. शेगावला उतरून ते दोघे घराकडे गेले, मी वरवटच्या मोटारीकडे. ताईने मागे वळून पाहिले नाही. आत दोन लुगडी असल्यामुळे तिला चालायला जड जात होते.

आईला रात्री एवढेच सांगितले की नाव घेतले नाही. आईने देवापुढे दिवा लावला.

शनिवार, ३० जून

हिशेब पूर्ण केला.

खर्च: वकीलसाहेब, फीपैकी ५० रु. अर्ज लिहिणावळ व कोर्टाची तिकिटे ७ रु. ५० न.पै. खामगाव येणे-जाणे, सर्व खेपा ११ रु. ४० न.पै. अकोला, माझे व मनकर्णाबाईंचे ६ रु. ८० न.पै. चहा, फुटाणे १ रु. ३० न.पै. एकूण ७७ रु.

देणे: वकीलसाहेब, राहिलेली फी २५ रु. मनकर्णाबाई, एका दिवसाची मजुरी १ रु. २५ न.पै. सिंधूताई, वरवटच्या तिकिटाचे ५ रु. एकूण ३१ रु. २५ न.पै.

येणे: नाही.